हॉक द स्लेयर (१९८०): सहा आठवड्यांत उरकलेला तलवार-जादूचा सिनेमा, आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल

झिरोमाईल
शॉर्टफिल्मच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं की तलवार, जादू, चेटकीण असला प्रकार मराठीत करायचा तर आधी कोटीभर रुपये आणा, नाहीतर लोक हसतात, विषय संपला. तिथे उत्तर देत बसलो असतो तर तो धागा भरकटला असता म्हणून हा वेगळा काढतो. माझं म्हणणं एका सिनेमावरून सांगतो, हॉक द स्लेयर.

ब्रिटिश सिनेमा आहे, १९८०चा. दिग्दर्शक टेरी मार्सेल, निर्माता हॅरी रॉबर्टसन, दोघांनी मिळून लिहिला आणि संगीतही रॉबर्टसनचंच. खर्च सुमारे ६ लाख पौंड. शूटिंग सहा आठवडे, पाइनवुड स्टुडिओ आणि बकिंगहॅमशायरमधली झाडी, म्हणजे लंडनच्या जवळपासच. दोन वर्षांनी श्वार्झनेगरचा कोनन आला त्याचा खर्च २ कोटी डॉलरच्या घरात होता, तेव्हा हॉकवाल्यांच्या खिशात काय होतं याचा अंदाज करा.

गोष्ट साधी. व्होल्टन नावाचा थोरला भाऊ जादूच्या शक्तीसाठी बापाला मारतो, मरता मरता बाप धाकट्याला, म्हणजे हॉकला, एक तलवार देतो जिच्या मुठीत हिरवा मणी आहे आणि जी मनात आणलं की हातात येते. पुढे व्होल्टन एका मठातल्या मुख्य साध्वीला पळवून सोन्याची खंडणी मागतो, आणि हॉक आपली माणसं गोळा करतो, एक राक्षसी ताकदीचा गडी, एक बुटका, एक एल्फ (पाश्चात्य परीकथांतला टोकदार कानांचा वनवासी), एक हात गमावलेला सैनिक आणि एक आंधळी चेटकीण. बस. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारी पोरं (१९७४चा खेळ, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं) या सिनेमावर का लट्टू झाली ते इथेच कळतं, सरळ त्यांच्या टेबलावरची टोळी पडद्यावर चालत आली.

आता मुद्द्याचं. पैसा नाही हे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. पण पाहताना मला सारखं जाणवत होतं की या लोकांनी ठरवून काही ठिकाणी पैसा आणि डोकं लावलंय आणि काही ठिकाणी हात सोडून दिलाय. चेहऱ्यांवर लावलाय. व्होल्टन म्हणजे जॅक पॅलन्स, तो माणूस अर्धा चेहरा जळालेला, वर लोखंडी टोप, आणि प्रत्येक वाक्य असं बोलतो की जणू हे त्याच्या आयुष्यातलं शेवटचं नाटक आहे. छोट्या छोट्या भूमिकांत पॅट्रिक मॅगी, हॅरी अँड्र्यूज, रॉय किनियर, अ‍ॅनेट क्रॉस्बी, सगळे मुरलेले नट, एकेका सीनपुरते येतात आणि ते जग खरं करून जातात. दुसरं, संगीत. आणि तिसरं, कोणीही मध्येच हसून "आम्हालाही कळतंय हो हे स्वस्तातलं आहे" असं सुचवत नाही. एकही नट नाही. मला वाटतं तेच खरं भांडवल आहे आणि त्याला रुपया लागत नाही.

पोहेतर्री
अबे भाऊ तुझं वाचून काल रात्रीच पाहिला. खरं सांगू का, तो पॅलन्स जबरदस्त आहे हे मान्य, पण चेटकिणीची जादू पाहून मी उठून बसलो. अंधारात चमकणाऱ्या रिंगा फिरवून राहिले, त्या रिंगांतून माणूस गायब. मग मारामारीत पिंगपाँगच्या बॉलसारखे चमकणारे गोळे उडून राहिले, अन् एका ठिकाणी ती पिचकारीतून निघते ना वाढदिवसाला, फेसाची दोरी, ती सोडली तोंडावर! याला तू डोकं लावणं म्हणतो? आपल्या इथली पोरं असं करतील तर लिंक पाठवायच्या आधी ग्रुपवर मीम होईल.

झिरोमाईल
@पोहेतर्री रिंगा आणि फेसाची दोरी यांची बाजू मी घेणार नाही, तिथे खरंच हात सोडलाय. पण त्याच सिनेमातला क्रो पहा, तो एल्फ, रे चार्लसनने केलाय. तो बाण इतके भराभर मारतो की मशीनगन वाटावी. कसं केलंय? हात भात्याकडे, प्रत्यंचा, सुटला, परत तेच, परत तेच, दोन-तीन तुकडे घेऊन नुसते कापून कापून जोडलेत, वर आवाज. एकच शॉट परत वापरलाय हे नीट पाहिलं तर दिसतं, लपवलेलं नाही. पण डोळा ते मान्य करतो कारण क्रोचा चेहरा हलत नाही, बोलणं सपाट, घाई कशाचीच नाही, त्यामुळे हात वेगात आणि माणूस शांत असं काहीतरी विलक्षण तयार होतं. रानुल्फ, म्हणजे तो हात गमावलेला सैनिक, एका हाताने चालवतो त्या क्रॉसबोचंही तेच. हे एडिटिंग टेबलवर फुकटात झालंय आणि चाळीस वर्षांनी लोकांना सिनेमातलं तेच आठवतं. रिंगांना खर्च आला असेल थोडाफार, त्या आठवतात त्या हसण्यासाठी. मी म्हणतोय तो फरक हा.

गोरेवाडा
हा सिनेमा मी दोनदा पाहिलाय आणि मला त्यातलं धुकं सगळ्यात हुशार वाटतं. जंगल एकच आहे हो. तेच आठ-दहा झाडांचं, थोडं इकडून थोडं तिकडून. धूर सोडला की मागचं काही दिसत नाही, त्यामुळे मागे रस्ता असो, कुंपण असो, की युनिटची गाडी असो, सगळं झाकतं. शिवाय मागून लाईट मारला की धुरात उजेडाचे पट्टे पडतात आणि चार माणसं चाळीस वाटतात.

इथे करणार असाल तर एक फरक लक्षात घ्या. लग्नात जोडप्याच्या एंट्रीला जो जमिनीलगत पसरणारा पांढरा धूर असतो तो ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा, थंड आणि जड म्हणून खाली बसतो. डीजेवाल्याकडचं फॉग मशीन वेगळं, त्यात द्रव तापवून धूर होतो, तो गरम असतो म्हणून वर जातो आणि वाऱ्याबरोबर उडून जातो. उघड्यावर मशीन लावाल तर वाऱ्याची दिशा पाहून लावा, नाहीतर अर्धा दिवस धुराच्या मागे पळण्यात जाईल. आणि ड्राय आइस बंद खोलीत अजिबात नको, हवेतला ऑक्सिजन कमी होऊन माणूस चक्कर येऊन पडतो. हातमोजे घाला, उघड्या हाताने धरलं तर कातडी भाजल्यासारखी होते.

किंवा सरळ डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे नागपुरात अंबाझरी तलावाच्या मागच्या बाजूला जा, देवाचं धुकं फुकट मिळतं. फक्त वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि ड्रोन विसरा, वायुसेना नगरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्या सगळ्या पट्ट्यात ड्रोन उडवणं म्हणजे पोलीस स्टेशन.

वैनगंगा
मी लाखांदूरकडची, लहानपण झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं पाहण्यात गेलं, म्हणून मला हे अगदी ओळखीचं वाटून राहिलं. दिवाळी झाली की आमच्या गावागावांत रात्रभर नाटक, वडसा देसाईगंजवरून कंपन्या यायच्या. मांडव, पडदे, लाल-निळा फोकस, आणि हजारो माणसं पहाटेपर्यंत थंडीत बसलेली. तिथे भूत आलं तर कोणी म्हणत नव्हतं की हा तर पांढरा कपडा आहे. का म्हणत नव्हतं? कारण समोर बसलेला ऑर्गनवाला आणि तबलेवाला त्या भुताला आधीच आणून ठेवायचे. संगीताने अंगावर काटा यायचा, मग कपडा कसा का असेना.

म्हणून मला हॉकमधलं संगीत महत्त्वाचं वाटतं, झिरोमाईल भाऊंनी ते एका शब्दात उरकलं. हॅरी रॉबर्टसन म्हणजे हॅमर कंपनीच्या भुताखेतांच्या सिनेमांना संगीत देणारा माणूस, त्याआधी १९५८ मध्ये त्याचं 'हूट्स मॉन' हे बँडचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. म्हणजे बाजारातलं गाणं आणि भीतीचं संगीत दोन्ही हाताखालून गेलेलं. त्याने तलवारीच्या सिनेमाला डिस्कोचा ठेका आणि सिंथेसायझर दिला, मध्ये मध्ये इटालियन वेस्टर्नची आठवण येते, आणि हॉकसाठी बासरीसारखी एक छोटी सुरावट परत परत. ऐकायला विचित्र आहे हे खरं, पण पैसे नसताना मोठा ऑर्केस्ट्रा असल्याचं सोंग त्याने आणलं नाही, जे हातात होतं त्याचाच आवाज पुढे केला. आणि निर्माताच संगीतकार असल्यामुळे कुठे चित्र लंगडं पडतंय हे त्याला शूटिंगच्या वेळीच माहीत असणार, तिथे संगीत चढवलेलं स्पष्ट ऐकू येतं.

झिरोमाईल
@वैनगंगा ताई, हे फार महत्त्वाचं बोललात, मी खरंच घाईत पुढे गेलो होतो. ऑर्गनवाला आधी भूत आणून ठेवतो, हे मी आमच्या ग्रुपला सांगणार.

लिमलेट
मला एक कळलं नाही. पॅलन्स आणि हॉक झालेला जॉन टेरी सख्खे भाऊ कसे? पॅलन्सचा जन्म १९१९चा, टेरी १९५०चा. तीस वर्षांहून जास्त अंतर. आणि फ्लॅशबॅकमध्ये दोघंही एकाच मुलीच्या मागे!

गोरेवाडा
@लिमलेट हो, आणि बाप झालेला फर्डी मेन हा पॅलन्सपेक्षा थोडाच मोठा आहे वयाने. पण असं पहा की एवढ्या कमी पैशात एकच मोठं नाव परवडत होतं, ते त्यांनी खलनायकावर लावलं. नायक तेव्हा नवखा होता, पुढे टेरी बाँडपटात बाँडचा मित्र फेलिक्स लायटर झाला, फुल मेटल जॅकेटमध्ये दिसला, नंतर लॉस्ट मालिकेत डॉक्टरचा बाप. पॅलन्सला ऑस्कर १९९२ मध्ये मिळालं, पण दबदबा शेन (१९५३) या सिनेमापासूनचा होता. तलवारीच्या सिनेमात खलनायक जड पाहिजे, नायक हलका चालतो. ती मुलगी म्हणजे कॅट्रिओना मॅकॉल, इटलीत दिग्दर्शक फुल्चीच्या भयपटांत गाजली तीच.

पोहेतर्री
ठीक आहे, क्रोवाला सीन मी परत पाहिला. मानलं. पण मग मला सांगा की तो राक्षस गॉर्ट, तो तर नुसता उंच माणूस आहे, राक्षस कुठून झाला? अन् बुटका पण इतका काही बुटका नाही.

झिरोमाईल
बर्नार्ड ब्रेसलॉ, साडेसहा फुटांच्या वर उंची, ब्रिटनमध्ये कॅरी ऑन विनोदी सिनेमांमुळे घराघरात माहीत. इथे ट्रिक नाहीच केली, तीच तर गंमत. कॅमेरा खाली ठेवला, हातात भलामोठा हातोडा दिला, शेजारी पीटर ओ'फॅरेलचा बाल्डिन उभा केला, आणि दोघांना सारखं एकत्र ठेवलं. दोघं जेवणावरून एकमेकांची खोडी काढतात, आणि बाल्डिनवर वेळ येते तेव्हा गॉर्टचा चेहरा पहा. ते नातं जमलं की उंचीचा हिशोब कोणी करत नाही. मला या सिनेमात सगळ्यात जास्त माया त्या दोघांची वाटते, क्रोपेक्षाही.

चितारओळ_महाल
नमस्कार मंडळी. आमचं घरचं काम मूर्त्यांचं, मंडळांचे देखावेही करतो, मारबतीच्या मिरवणुकीच्या वेळी बांबू-कागदाचं कामही पाहत आलोय. सिनेमा पाहिला नाही अजून पण तलवारीबद्दल लिहितो कारण पोरं नेहमी तिथेच चुकतात.

पोरं थर्माकोल कापतात, वर चंदेरी कागद. कॅमेऱ्यात तो कागद आरशासारखा चमकतो अन् सुरकुती दिसते, लगेच कळतं. ईव्हीए फोमची शीट घ्या, दहा मिलिमीटरची दोन, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एसआर गोंदाने चिकटवा (दोन्हीकडे लावून वाळू द्या, मग दाबा, ओलं चिकटवू नका). धार कटरने तिरपी काढा. हीट गनने वरून शेक द्या म्हणजे छिद्रं मिटतात. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. मग काळा रंग, आधी काळा, त्यावर चंदेरी कोरड्या ब्रशने फक्त उंच भागावर. खाचेत काळा राहिला पाहिजे, लोखंड वाटतं ते त्या काळ्यामुळे. मूठ मात्र खरी करा, लाकूड अन् चामड्याची पट्टी, कारण क्लोजअप मुठीचाच असतो आणि नटाच्या हाताला वजन लागलं की तो आपोआप नीट धरतो. वजन नसलेली तलवार पोरं काडीसारखी फिरवतात.

झिरोमाईल
@चितारओळ_महाल काका, हॉकच्या तलवारीची मूठ म्हणजे एक मिटलेला पंजा आहे, त्यात हिरवा मणी. सिनेमाभर क्लोजअप त्याचेच. अगदी तुम्ही म्हणता तेच त्यांनी केलंय, पातं साधं आणि मूठ जपून.

चितारओळ_महाल
पंजा शाडूत करून साचा काढता येईल. मणी राळेचा ओता, मागे छोटा एलईडी बसवा.

आणि एक, कृपा करून खरी तलवार घेऊन बाहेर फिरू नका. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचं हत्यार शस्त्र कायद्यात येतं, शूटिंग आहे म्हणून कोणी सोडत नाही. फोमचीच असली तरी ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा, लांबून कोणाला काय कळतंय.

रातराणी
सगळे हॉकवर बोलत आहेत म्हणून एक गंभीर गोष्ट आठवून देते. १९८२ मध्ये अल्बर्ट प्यूनचा द सोर्ड अँड द सॉर्सरर आला, त्याचा पहिलाच सिनेमा. खर्च साधारण ४० लाख डॉलर आणि कमाई ३ कोटी ९० लाखांच्या आसपास, त्या वर्षीच्या स्वतंत्र सिनेमांत मोठं यश. तीन पात्यांची तलवार, त्यातली पाती बाणासारखी सुटतात, लोकांना ते फार आवडलं. पण त्याच्या शूटिंगमध्ये जॅक टायरी नावाचा स्टंटमन कड्यावरून उडी मारताना गेला.

कमी पैशातल्या सिनेमाचं कौतुक करताना मला हे सुटू नये असं वाटतं. क्रोचे बाण एडिटिंगमध्ये झाले यात फक्त पैसा नाही वाचला, कोणाचा डोळाही गेला नाही. आपण इथे मित्रमैत्रिणींना घेऊन करतो, विमा नसतो, डॉक्टर नसतो. सेमिनरी हिल्सच्या खडकावरून "एकदाच मारतो ना उडी" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला नाही म्हणायचं काम दिग्दर्शकाचं आहे. उडीचा पाय सुटतानाचा शॉट घ्या, जमिनीवर पोचल्याचा शॉट घ्या, मधलं प्रेक्षक स्वतः भरतो.

गोरेवाडा
+१००. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा.

लिमलेट
आपल्याकडेही हे होतंच की. बाबूभाई मिस्त्री, १९३७च्या ख्वाब की दुनियात अदृश्य माणूस वस्तू हलवतो ते त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने केलं आणि पुढे त्यांना लोक काला धागाच म्हणायचे. नंतर वाडियांच्या बसंत पिक्चर्समध्ये हातिमताई वगैरे. फॉरेनचं उदाहरण कशाला पाहिजे?

झिरोमाईल
@लिमलेट बरोबर आहे, आणि बाबूभाईंवर स्वतंत्र धागा निघालाच पाहिजे, तू काढ, मी येतो. हॉक घेतला तो याच्यासाठी की त्याला तलवार-जादूची लाट यायच्या आधी, एक्सकॅलिबर आणि ड्रॅगनस्लेयर (दोन्ही १९८१) यायच्या आधी, कोणता नमुना समोर नव्हता. पुढे लाट आल्यावर अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मनने अर्जेंटिनात जाऊन तिथल्या स्टुडिओबरोबर डेथस्टॉकर (१९८३) आणि तसलेच बरेच काढले, कारण तिकडे स्वस्त पडत होतं. पोस्टर बोरिस व्हायेहोने असं रंगवलेलं की वाटावं केवढा सिनेमा! आत तसं काही नाही. मला ते आवडत नाहीत, त्यात कोणाला त्या गोष्टीवर विश्वास आहे असं दिसत नाही, बाईचं अंग दाखवायला तलवार निमित्त. हॉकमध्ये साध्वी, चेटकीण, सगळ्यांना मान आहे, लहान पोरांबरोबर पाहता येतो.

दुसरा भाग कधी आला नाही ही खंत आहे. शेवट उघडा ठेवलेला, हॉक आणि गॉर्ट पुढे निघतात, व्होल्टनला परत उठवायची तयारी दिसते. २०१५ मध्ये लोकवर्गणीतून पैसे जमवायचा प्रयत्न झाला, पुरा पडला नाही. पुढे गार्थ एनिसने लिहिलेलं, हेन्री फ्लिंटने काढलेलं कॉमिक मात्र आलं. म्हणजे लोक विसरले नाहीत.

पोहेतर्री
भाऊ, मग करायचं काय ठरवून राहिला तू? नुसती चर्चा का?

झिरोमाईल
नाही नाही, करून राहिलोय. वीस मिनिटांची. रामटेकच्या बाजूची एक म्हातारी चेटकीण आणि दोन भाऊ. जादू फक्त एका ठिकाणी, तलवार लांबून हातात येते तेवढीच. ती उलटी शूट करणार, हातातून तलवार फेकायची आणि क्लिप उलटी चालवायची. बाकी सगळं चेहरे, धूर आणि आवाज. रिंगा नाहीत, @पोहेतर्री, वचन. संगीत आधी करून घेणार आणि सेटवर स्पीकरवर वाजवून नटांना त्यावर चालवणार.

वैनगंगा
म्हातारीसाठी झाडीपट्टीत काम केलेल्या एक बाई आहेत माझ्या ओळखीच्या, आता नागपुरातच असतात, नंदनवनला. आवाज असा आहे की माईक लागत नाही. विचारू का? पण मानधन द्या हं, थोडं का होईना, आणि जायची-यायची गाडी.

झिरोमाईल
विचारा ताई. मानधन नक्की. चेटकिणीला पहिला पैसा, मग कॅमेऱ्याला.

गोरेवाडा
उलट्या शॉटला एक सांगतो, धूर त्या शॉटमध्ये ठेवू नको, उलटा चालताना धूर परत आत शिरताना दिसतो. झाडाची पानं चालतील, पडणारं पान नको.

चितारओळ_महाल
तलवार फेकणार असाल तर दोन करतो, एक हलकी पूर्ण फोमची फेकायला, दुसरी क्लोजअपची. जो पोरगा धरणार आहे त्याच्या पंजाची रुंदी आणि बोटांची लांबी मोजून इथेच टाका. दसऱ्यापर्यंत मला वेळ नाही, त्यानंतर लगेच धरतो.